रेकॉर्डिंगमधला भामटा

परदेशात पीएचडीला अर्ज करायचा म्हणजे आधी इंग्रजीची परीक्षा. त्यातला ऐकण्याचा भाग मला जड जायचा. कॉलेजात मी रसायनशास्त्र इंग्रजीतूनच शिकवत होते, पण ते माझं इंग्रजी होतं. गोऱ्या माणसाचं बोलणं कानात शिरेपर्यंत तो पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा.

तेव्हा मी धरमपेठेत आत्याकडे राहायची. हेडफोनने कान दुखायचे, म्हणून सरावाची रेकॉर्डिंग्ज मोबाइलवर मोठ्याने लावायची. आत्या शेजारी मेथी निवडत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कोण काय बोलतंय ते मी सांगायची. एकदा एक मुलगी घरमालकाला भाड्याची खोली विचारत होती, आणि संभाषण मध्येच संपलं.

"मग त्या पोरीले खोली भेटली का?" आत्याने विचारलं.

रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हतंच. मी 'भेटली' म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये लायब्ररीतला कारकून बोलू लागला तसा आत्याचा हात थांबला. "हा तोच होय ना वं? काल खोली देऊन राहिला होता."

कान पक्के होते तिचे. या रेकॉर्डिंग्जमध्ये दोन-चार माणसंच सगळ्यांचे आवाज काढतात, एवढं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "भामटा आहे तो, आत्या. नावं बदलून फिरतो."

मग रोज दुपारी शेजारच्या काकूही येऊन बसू लागल्या. तो कधी बँकेत सापडायचा, कधी प्राणिसंग्रहालयात, आणि मी त्याची नवी लबाडी रचायची. ती जुळवायची तर मूळ संभाषण नीट ऐकावंच लागे. सरावातले माझे मार्क चढत गेले.

परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे हेडफोन लावून गंभीर बसले होते. एक डॉक्टर पेशंटशी बोलू लागला, आणि शपथेवर सांगते, आवाज त्याचाच होता. मला हसू आवरेना. देखरेखीच्या बाई लगबगीने आल्या, तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं. तेवढ्यात काही प्रश्न निसटले, ते अंदाजाने भरले. तरी ऐकण्यातच सगळ्यांत चांगले मार्क पडले.

त्या मार्कांवर एका विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओ कॉलवर. आत्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसली. प्राध्यापकांचे उच्चार असे, की कुठल्याच रेकॉर्डिंगने मला त्यांची तयारी करून दिली नव्हती. ते थांबले की मी 'येस' म्हणायची. ते हसले की हसायची. कशाकशाला होकार दिला ते मला अजून नीट माहीत नाही, पण प्रवेश मिळाला.

कॉल संपल्यावर आत्याने विचारलं, ते इतका वेळ काय बोलून राहिले होते?

मी म्हटलं, "तिकडच्या थंडीबद्दल."


तिने कपाटातून शाल काढून माझ्यापुढे ठेवली.