हलक्या हाताची इदालिना

कोन्सुएलो गावात कुणाची कंबर धरली, कुणाला ताप आला, बाळंतीण अशक्त झाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट माणूस आधी इदालिनाच्या दारात यायचा. ती नर्स नव्हती. साखर कारखान्याच्या दवाखान्यात ती पोरवयात फरशी पुसायला लागली होती. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिची बोटं पाहिली आणि फडकं काढून घेऊन तिच्या हातात सिरिंज दिली. पुढे कारखाना बंद पडला, दवाखान्याचे पत्रे एकेक करून लोकांनी नेले, पण इदालिनाचा हात तिच्याबरोबर घरी आला. मागच्या अंगणात आंब्याखाली एक खुर्ची, एक बाक आणि उकळत्या पाण्याचं भांडं, एवढाच तिचा संसार.

टोचायची तिची एक रीत होती. कापूस फिरवता फिरवता ती विचारायची, "आज काय शिजवलंस गं?" समोरची सांगू लागायची, भात केला, घेवडा केला, आणि मांस... मांसापर्यंत पोचायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. तिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणायचे. महिनाअखेरीला एखादी म्हणायची, "आज मांस नव्हतं दोन्या, म्हणून दुखलं!" आणि बाकावरच्या सगळ्या हसायच्या.

शेजारी नेरेइदा राहायची. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. नेरेइदाचा नवरा पोर्तो रिकोला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तिचा मुलगा यूनेल, त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी इदालिनाने कडेवर धरलं होतं. तेव्हापासून नेरेइदा तिला 'कोमाद्रे' म्हणायची आणि यूनेल 'माद्रीना'. गावात धर्ममातेचं नातं रक्ताच्या नात्याहून कमी धरत नाहीत.

यूनेल डावखुरा. ताडासारखा उंच. सतराव्या वर्षी एका अमेरिकन बेसबॉल क्लबने त्याला करारावर घेतलं आणि किनाऱ्याजवळच्या आपल्या शिबिरात ठेवलं. दोन वर्षं त्याने बरी गोलंदाजी केली. मग कोपर दुखायला लागलं, चेंडूचा वेग उतरला. नाताळच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की वसंतात क्लब त्याला एकतर वर अमेरिकेत पाठवील नाहीतर घरी.

नेरेइदाने आपल्या परीने उपाय सुरू केला. तिच्या आजीची बाटली. बीट किसायचं, गाजर किसायचं, त्यात काकवी, दोनतीन कडू मुळ्या आणि एक बाटली माल्टचं पेय घालून ते उकळून बाटलीत भरायचं. रोज सकाळी ती पेला घेऊन यूनेलच्या उशाशी उभी राहायची.

"आई, याला गोठ्याचा वास येतो."

"मग बैलासारखा हो. पी!"

दुसरा उपाय रादामेसने केला. यूनेल आठ वर्षांचा असल्यापासून रादामेसनेच त्याला मैदानावर घडवलं होतं. गावातली बरीच पोरं त्याच्या हाताखालची, आणि ज्याचं नशीब उघडे त्याच्या नशिबात रादामेसचा वाटा असे. एका शनिवारी तो मोटरसायकलवर यूनेलला मागे बसवून इदालिनाच्या अंगणात आला. त्याने खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढली. भरलेली.

"दोन्या इदालिना, तुमच्याशिवाय मी माझ्या पोराला कुणाला हात लावू देत नाही."

"औषधाची बाटली कुठाय?"

"डॉक्टरने भरूनच दिली. जीवनसत्त्वं आहेत. कोपरासाठी. कमरेखाली टोचायची."

"दुखतंय कोपर आणि टोचायचं ढुंगणात?"

"तुम्ही पण ना! पोटदुखीची गोळी काय पोटावर चोळता?"

इदालिनाला हसू आलं. यूनेल बाकावर पालथा झाला. तिने कापूस फिरवला आणि सवयीने विचारलं, "आईने काय शिजवलंय आज?"

"काही विचारू नकोस, माद्रीना. टोच लवकर."

तिने सुई टोचली आणि दट्ट्या दाबला. दट्ट्या पुढे जाईना. जीवनसत्त्वाचं औषध पाण्यासारखं असतं, गुलाबी असतं, बोट टेकवलं की सरकन जातं. हे पिवळसर होतं, आणि अंगठ्याला जोर लावल्याशिवाय हलत नव्हतं. तेल होतं ते. कारखान्याच्या तबेल्यातला माणूस असली पिवळी तेलं घोड्यांना द्यायचा, हे तिला तिथल्या तिथे आठवलं. तरी अंगठा दाबत राहिला. निम्मं औषध गेल्यावर थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

पुढे यूनेल शिबिरात परत जाईपर्यंत दर शनिवारी मोटरसायकल येत राहिली. इदालिनाने पुन्हा विचारलं नाही, आणि ते भीतीपोटी नव्हतं, रादामेसच्या भिडेपोटीही नव्हतं. खरं कारण तिला स्वतःला नीट माहीत होतं. गावच्या दुकानातल्या टीव्हीवर यूनेल चेंडू टाकतोय, लोक पेट्यांवर उभे राहून ओरडताहेत, आणि मागे भिंतीला टेकून ती उभी आहे, हे चित्र तिने मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातला तिच्या अंगावरचा झगासुद्धा ठरलेला होता. त्या दिवशी ती कुणाला काही सांगणार नव्हती. फक्त तिला ठाऊक असणार होतं की त्या चेंडूमागे तिचाही हात आहे.

वसंतात शिबिरातून फोन आला: कोपर बरं आहे, वेग परत आलाय, पूर्वीपेक्षा जास्त आहे. नेरेइदा किसणी हातात घेऊन अंगणात नाचली. "बघितलंस, कोमाद्रे? बीट! सगळी बीटाची करामत!" इदालिना म्हणाली, "हो, बीट फार चांगलं."

मग मेमध्ये, भर दुपारी, यूनेल बॅग घेऊन गल्लीत शिरला. लीगच्या तपासणीत त्याच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. पुरा हंगाम बंदी. त्यानंतर क्लब त्याला ठेवील की नाही, ते क्लबच जाणे.

"अरे पण तू घेतलंस काय?" नेरेइदाने विचारलं.

यूनेल जमिनीकडे बघत म्हणाला, "काही नाही. तू दिलेली बाटली सोडून काही नाही."

एवढंच तो बोलला. पण ते वाक्य नेरेइदाच्या काळजात जाऊन बसलं. संध्याकाळपर्यंत रादामेस दुकानाच्या पायरीवर बसून लोकांना सांगत होता, "मी या बायकांना कितीदा बजावलं, पोरांना झाडपाला पाजू नका म्हणून! ऐकतं कोण?" दुसऱ्या दिवशी नेरेइदाने सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. मुलाच्या ताटात काही वाढायलाही तिला भीती वाटू लागली. मीठसुद्धा ती आधी स्वतः चाखायची. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसू लागली, आणि प्रसाद घ्यायला सगळे उठले की ही बसून राहायची.

फळ्यांच्या भिंतीपलीकडे इदालिनाला सगळं ऐकू यायचं. "माझ्या हाताने मी पोराचं वाटोळं केलं," असं नेरेइदा भांडी घासताना पुटपुटायची. इदालिना आपल्या भिंतीशी उभी राहायची, तोंड उघडायची, आणि मग काहीतरी शिजायला ठेवायची. उद्या सांगू, असं तिचं रोज ठरायचं. उद्या बाकावर कुणीतरी येऊन बसलेलं असायचं.

नेरेइदा मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने चर्चच्या पाद्रींकडून राजधानीतल्या लीगच्या कचेरीला कळवलं: दोष बाटलीचा आहे, मुलाचा नाही, येऊन बाटली तपासा. तिने तो हट्टच धरला. शेवटी जुलैत कचेरीतला माणूस आला. पेगेरो त्याचं नाव. चौकशीचं काम करणारा, तरुण, इस्त्रीच्या शर्टात घामाने भिजलेला. नेरेइदाने त्याला अंगणात सावलीत खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बाटली करायला घेतली. मदतीला तिने इदालिनाला हाक मारली.

"हे बीट," नेरेइदा एकेक वस्तू वर धरून दाखवू लागली. "ही काकवी. ही मुळी. वास घ्या, सेन्योर. हिच्यातच असणार काहीतरी. मला आधीपासून हिचा संशय आहे."

पेगेरोने मुळीचा वास घेतला आणि शिंकला. मग हळू आवाजात म्हणाला, "सेन्योरा, मी हे तपासायला नेईन. पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. खेळाडूच्या अंगात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियम आहे. ते कुणी दिलं यावर शिक्षा थोडीफार हलते, पण पुसली जात नाही."

"आईने दिलं ते त्याने प्यायलं. आईला काय लेबल मागायचं होतं त्याने?"

पेगेरोने रुमालाने मान पुसली. "आणि दुसरं असं, की हे औषध झाडपाल्यात नसतंच. घोड्यांसाठी करतात ते. तेलात घालून. ते पीत नाहीत, टोचतात."

इदालिनाच्या हातातली किसणी थांबली. नेरेइदा थांबली नाही, ती म्हणत होती, "घोड्याचं? आमच्याकडे घोडा नाही हो. असेल तर या काकवीत असेल, काकवीत हल्ली काय काय घालतात..."

"मी टोचलं," इदालिना म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मी टोचलं, कोमाद्रे. नाताळपासून, दर शनिवारी. रादामेस भरलेली सिरिंज आणायचा. जीवनसत्त्वं म्हणायचा."

पेगेरोने कॉफी खाली ठेवली. "आणि तुम्हाला ते जीवनसत्त्व वाटलं?"

हो म्हणायची वाट समोर मोकळी होती. इदालिनाने ती पाहिली.

"नाही. तेल आहे हे हाताला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

यूनेल कधीचा दारात उभा होता. पेगेरोने मान वळवून त्याला विचारलं, "तू तर सांगितलं होतंस की आईच्या बाटलीशिवाय काही घेतलं नाही. इंजेक्शनचा शब्दही काढला नाहीस."

"रादामेस म्हणाला, सांगू नको."

"कधी म्हणाला? पकडलं गेल्यावर?"

"आधीच," यूनेल म्हणाला. "पहिल्या शनिवारी."

"म्हणजे ते काय आहे हे तुला माहीत होतं?"

"सगळी पोरं घेतात," यूनेल म्हणाला, आणि आत निघून गेला.

पेगेरोने जे लिहायचं ते लिहिलं. हे मेमध्येच सांगितलं असतं तर काही करता आलं असतं, आता मुलाचं खोटं बोलणंही त्यात धरलं जाईल, एवढं तो जाताना म्हणाला. नेरेइदाने तरीसुद्धा गरम बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याला नको म्हणवेना.

अंगणात दोघीच उरल्या. नेरेइदा नळाखाली हात धुत होती. बीटाचा रंग निघत नव्हता, ती चोळत राहिली. इदालिना थपडेची वाट बघत उभी होती. थप्पड आली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"कोमाद्रे, काहीतरी बोल."

"काय बोलू? दोन महिने मी रडतेय. तुला फळीपलीकडून ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"आणि तो तर एकाच खोलीत झोपायचा." नेरेइदाने नळ बंद केला. "बाटली होती तेच बरं होतं. तेव्हा चूक माझी होती, पोरगा निर्मळ होता. आता मी कुणाकडे बघू?"

"मी जाऊन दुकानात सांगते. सगळ्यांसमोर. रादामेसच्या तोंडावर सांगते. निदान तुला तरी लोक..."

"काही सांगायचं नाही!" पहिल्यांदाच नेरेइदाचा आवाज चढला. "लोकांना बाटलीच राहू दे. त्याला या गल्लीत राहायचंय, इथे बायको करायचीय. आईने पाजलं म्हणून फसला, अशाला लोक पदरात घेतात. हे कळलं तर त्याला कोण उभं करील? तुला माझ्यासाठी काही करावंसं वाटतंय ना? मग तोंड बंद ठेव. तुला येतं ते."

इदालिना घरी आली. फळीपलीकडून त्या रात्री काहीच ऐकू आलं नाही.

क्लबने यूनेलला सोडलं. तो आता एका ट्रकवर सिमेंटच्या गोण्या उतरवतो. रादामेसला क्लबच्या शिबिराच्या फाटकातून आत घेत नाहीत, असं कुणी सांगतं. त्याने पलीकडच्या गावात दुसरं मैदान धरलंय, हे मात्र सगळ्यांनी पाहिलंय. नेरेइदा रस्त्यात भेटते, मान हलवते, पुढे जाते. बाटलीचा निकाल काय आला असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "तेच. माझ्याच मुळीत होतं."

इदालिनाच्या बाकावर अजून गर्दी असते. तिने दोनदा काम सोडून पाहिलं. पण साखरेच्या आजाराचे लोक कुठे जाणार, आणि सोडलं म्हटल्यावर का सोडलं ते सांगावं लागतं. परवा समोरची मिर्था आली होती, चिठ्ठी आणि औषध घेऊन. बाकावर पालथी होता होता फळ्यांच्या भिंतीकडे हनुवटी करून, आवाज मुद्दाम चढवून म्हणाली, "बघा ना दोन्या, काय बाई! पोराला मुळ्या उकळून पाजल्या. त्यापेक्षा तुमच्याकडून एक स्वच्छ सुई टोचून घेतली असती तर आज तो तिकडे खेळत असता. हो की नाही?"

पलीकडे किसणीचा आवाज चालू होता. तो थांबला.

इदालिनाने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.

"हो की नाही, दोन्या?"

"कुशीवर वळ," इदालिना म्हणाली. "आणि हलू नकोस."