गुलाबपाणी बँडचा जुना सेट

सहा वाजून छत्तीस मिनिटांचा मुहूर्त होता आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता! माझ्याच लग्नाची गोष्ट सांगतेय. या बँडशी माझी गाठ पडली ती त्या मिनिटाला. तेव्हापासून किस्से साठतच चाललेत. आमच्या घरात कपाटात लाल कोट, पलंगाखाली ट्रम्पेट, आणि जिथे बसाल तिथे बुडाखाली एक किस्सा. ठेवायचे तरी कुठे?

तर माझे सासरे, आबा, म्हणजे जळगावच्या गुलाबपाणी बँडचे मास्तर. क्लारनेट वाजवतात. त्यांच्या मुलाच्या लग्नात बँड कोणाचा? आपलाच! पण त्या दिवशी वाजवणारे सगळे अत्तर लावून खुर्च्यांवर बसलेले. "आज बठ्ठा वऱ्हाडी शेतस!" म्हणाले, म्हणजे आज सगळेच वऱ्हाडी.

वरात निघेना, तेव्हा आमचे हे बाशिंग बांधलेलेच ट्रम्पेट घेऊन पुढे झाले. ते पाहून रफिकचाचांना राहवेना. आबांचे तरुणपणापासूनचे जोडीदार ते, बँडचा मोठा ढोल त्यांचा. त्यांनीही ढोल गळ्यात अडकवला. गल्लीला इतकं आवडलं की वन्स मोर! इकडे मी हार धरून उभी, हात दुखायला लागले. शेवटी माझे वडील धावत गेले. "अहो, आमचा नवरदेव द्या!"

रफिकचाचा ढोल न थांबवता म्हणाले, "कडवं पुरं होऊ द्या, देतो!"

*

बँडमध्ये माणसं बदलतात, कोट बदलत नाहीत. जो गेला त्याचा कोट नव्याला, आणि कोटाबरोबर नावही! सुकलाल सुरतेला कामाला गेला, तर त्याच्या कोटातल्या विलासला सगळे सुकलालच म्हणायला लागले.

एका लग्नात डोळ्यांनी कमी दिसणारी एक आजी त्याच्याजवळ आली. "सुकलाल, घरमा बठ्ठा कसा शेतस?"

विलास भिडस्त. म्हणाला, "बठ्ठा बरा शेतस. माय बी बरी शे."

आजी मटकन खालीच बसली. "मग तेराव्याला मी कोणाच्या जेवून आले रे?"

*

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. माझी परी पोटात होती तेव्हाची गोष्ट. धुळ्याकडच्या बँड पार्ट्यांनी मोठमोठ्या स्पीकरच्या गाड्या काढल्या. गाडीवर गायक, गाडीवर लाईट. रफिकचाचा म्हणाले, "मास्तर, आपणही गाडी घेऊ."

आबा म्हणाले, "माझ्या क्लारनेटला भोंगा लागत नाही."

"मग बस तू तुझ्या काळात. मी गाडीत बसतो!"

आणि खरंच बसले. धुळ्याच्या पार्टीत गेले ते गेलेच. दोघांनीही फोन केला नाही. आबा त्यांचं नावसुद्धा घेईनात, "तो" म्हणायचे. हळूहळू एकेक जण पांगला. त्यात आबांची छाती दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाजवा, पण दम लागला की लगेच थांबा. आबांना थांबवायचं काम कोणाकडे? सुनेकडे! मला तर तेव्हापासून घरात शिट्टी वाजली तरी धडकी भरते.

*

यंदा पिंपळनेरहून फोन आला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या वरातीत गुलाबपाणी वाजला, त्या माणसाच्या मुलीचं लग्न. "मला गाडी नको. माझ्या वरातीला होता तोच सेट पाहिजे. तीच माणसं!"

आबांनी सगळ्यांना फोन लावले, एक सोडून. माणसं आली, पण कोटांची बटणं लागेनात. ट्रम्पेटवाल्या गजमलनानांना तर कवळी बसवलेली. जोरात फुंकलं तर सुराआधी कवळीच बाहेर! म्हणून वाजवायच्या आधी ती रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिली. मी ती रुमालातून काढून पर्समधल्या छोट्या डबीत टाकली. सारख्याच दोन डब्या होत्या, दुसरीत हळदीकुंकू.

मांडवात नवरीची मावशी म्हणाली, "ताई, जरा कुंकू द्या." मी घाईत डबी उघडून पुढे केली.

मावशीने नीट वाकून पाहिलं. म्हणाली, "राहू द्या. आमच्याकडे कुंकूच लावतात."

*

पिंपळनेरचा व्हिडिओ कोणीतरी स्टेटसला टाकला आणि जुन्या नवरदेवांचे फोनच फोन! सगळ्यांच्या मुलामुलींची लग्नं. आमचा दौराच सुरू झाला.

नशिराबादला मात्र मी घाबरले. ढोलावर रफिकचाचांच्या जागी पक्या, माझा चुलत दीर. वाजवतो झकास, पण थांबत नाही. वरात अर्ध्यावर आली नि आबांचा चेहरा काळवंडला. मी परीला कडेवर घेऊन आडवी गेले, क्लारनेट हातातून ओढून घेतली आणि त्यांना पाणी पाजलं.

"आबा, आता बस झालं हो."

आबा म्हणाले, "तो असता तर माझा दम कुठे संपतो ते त्याला आधी कळलं असतं. ढोल असा घुमवायचा की तेवढ्यात मी श्वास घेऊन टाकायचो. लोकांना वाटायचं, वा, काय ढोल आहे!"

मी ह्यांना सांगितलं, अमळनेरचं लग्न शेवटचं. पुढे नाही.

*

अमळनेरला चौकात समोरून दुसरी वरात आली. धुळ्याची गाडी! आमच्याकडे दोन वराती समोरासमोर आल्या की कोणताच बँड आधी मागे सरत नाही. त्यांचा गायक पाणी प्यायला थांबला होता, तेवढ्यात आबांनी सुरू केलं. इतकं गोड की गाडीवरची पोरंही वाकून ऐकायला लागली.

आणि मध्येच क्लारनेट चिरकली. आबांचा दम तुटला. पक्याचा ढोल चालूच. मी गर्दीत घुसले, पण पोचते कुठली! माझ्या तोंडून "आबा!" एवढंच निघालं.

तेवढ्यात समोरून ढोल घुमला. गडगडत, लांबच लांब. गाडीच्या पुढच्या टोकावर रफिकचाचा!

आबांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे उचललं. पक्याने आपला ढोल गुपचूप खाली ठेवला. रफिकचाचा गाडीवरून अनवाणीच उतरले आणि वाजवत आबांच्या मागे चालू लागले. मागून त्यांचे वऱ्हाडी ओरडताहेत, "ओ चाचा! आपली वरात तिकडे!" ऐकतंय कोण? आबांना दम लागायच्या आत ढोल घुमायचा, आणि लोक म्हणायचे, वा, काय ढोल आहे!

थेट आमच्या मांडवात आल्यावर रफिकचाचांनी मान वर केली. अनोळखी मांडव, अनोळखी माणसं.

"मास्तर, मन्हा नवरदेव कोठे शे?"

आबांनी क्लारनेट ओठांपासून जेमतेम बाजूला केली. "कडवं पुरं होऊ दे, देतो!"

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी धुळ्याकडे निघालं असेल, तर त्या गाडीवाल्या पार्टीला एवढा निरोप द्या. रफिकचाचा जळगावला आमच्या ओट्यावर आहेत. त्यांच्या चपला गाडीतच राहिल्यात. तेवढ्या येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून द्या.