फोटोखालची ओळ

बी.ए. झाल्यावर मी वर्षभर दारव्ह्याला घरीच होते, आणि ते घर मला पुरत नव्हतं. पुढच्या खोलीत अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, अब्बा जुनी तार काढून नवी भरायचे. मी आतून बाहेर, बाहेरून आत करत राहायची. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शेवटी अब्बांनीच स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासला माझं नाव घातलं. तिथे टायपिंग शिकवतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

क्लासचे सर पुण्यात नोकरी करून गावी परतलेले होते. त्यांनी मला वेबसाइट करायला शिकवलं. आधी सगळा कोड हाताने लिहायला लावला. एखादा फोन नंबर बदलायचा तरी प्रत्येक पान उघडून बदलावा लागे, आणि मध्येच लाइट गेली की केलेलं पाण्यात. महिनाभर हे भोगल्यावर त्यांनी सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, दाखवलं. लॉगिन करायचं, बाजूला बातम्या, पानं, फोटो, मेनू. रिकाम्या चौकटीत लिहायचं आणि पब्लिशचं बटण दाबायचं. पानाचं रूप वेगळं, मजकूर वेगळा. एकाला हात लावला तरी दुसरं हलत नाही. मला पहिल्यांदाच कशात तरी बसावंसं वाटलं.

पण तिथेही धीर नव्हताच. साइटला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, प्लगइन, दिसतील ते टाकून बघायची. एकदा सगळी साइट पांढरीफटक झाली, एक अक्षर दिसेना. सर म्हणाले, तू बिघडवलं, आता तूच शोध. एकेक प्लगइन बंद करत गेले आणि साइट परत आली. त्या दिवशी घरी चालत न जाता जवळजवळ पळत गेले.

सरांच्याच ओळखीने यवतमाळच्या एका साप्ताहिकात काम मिळालं. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. ती कापसाची वाईट वर्षं होती. दिल्ली-मुंबईहून कॅमेरे घेऊन माणसं यायची, गावं विचारायची. आमच्या संपादकांना वाटायचं, आपल्या जिल्ह्याचं दुःख आपल्याच साइटवर नीट दिसलं पाहिजे. म्हणून मेनूत सगळ्यात वर ‘कापूस संकट’ असा विभाग होता. बातम्या तालुक्यांप्रमाणे लावायचं काम माझं. राळेगाव उघडलं की आत्महत्यांच्या बातम्या संपत नसत, खाली-खाली जातच राहायचं. काम चोख व्हायचं, आणि जितकं चोख व्हायचं तितकी मी खुर्चीतून उठून खिडकीशी जायची.

एका दुपारी नर्सिंगच्या गणवेशातली एक मुलगी दारात उभी राहिली. राळेगावकडच्या एका खेड्यातली, यवतमाळला होस्टेलवर राहणारी. तिने विचारलं, “ताई, तुमच्या साइटवर माह्या मायचा फोटो हाय. तो काढता येते का?”

मी गावाचं नाव टाकून शोधलं. उंबऱ्यात बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याची तसबीर, मागे घरात भरलेला कापूस. शेजारी शाळेच्या गणवेशात हीच मुलगी. खाली संपादकांनी लिहिलेली ओळ: ‘उद्ध्वस्त कुटुंब’.

वर्गातल्या कुणीतरी तो फोटो पाहिला होता. कोणी चिडवलं का, असं मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, “चिडवलं असतं तं बरं झालं असतं. तवापासून मैत्रिणी माह्यासंग भांडतच नाही.”

माझ्या लॉगिनने संपादकांच्या बातमीला हात लावता येत नव्हता. मी तिला बसवून घेतलं. संपादक आले, त्यांनी तिला ओळखलं, चहा मागवला. सरकारला दिसावं म्हणून तो फोटो काढला होता, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. तरी मी मध्येच बोलले, सर, काढून टाका. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती.

“फोटो ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “खालची ओळ बदला. आमी उद्ध्वस्त कायले होऊ? माय वावर करून राह्यली. अवंदा तिनं कापसात तूर लावली.”

संपादकांनी आपलं लॉगिन केलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले: ‘ही माझी माय. ती शेती करते. बाजूला मी. मी नर्सिंग शिकते.’ बापाबद्दल काय लिहू, असं मी विचारलं. तो फोटोत दिसतेच, असं ती म्हणाली. मी अपडेटचं बटण दाबलं.

“आता सगळीकडं बदललं?” तिने विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. पण शोधून पाहिलं तर तोच फोटो, तीच जुनी ओळ दुसऱ्या कितीतरी साइटवर होती. लोकांनी उचलून नेला होता. आमच्याकडे बदलल्याने तिकडे काहीच हलणार नव्हतं. मी तिला खरं सांगितलं आणि प्रत्येकाला लिहीन म्हणाले. लिहिलंही. काहींनी ओळ बदलली, काहींनी उत्तर दिलं नाही, एकाने फोटो काढून टाकला पण ओळ तशीच ठेवली. रिकाम्या चौकटीखाली ‘उद्ध्वस्त कुटुंब’.

पुढे मी साप्ताहिक सोडलं. दुकानांच्या, मंगल कार्यालयांच्या, मुकुटबनच्या एका शाळेच्या साइट केल्या. काम संपवून कॉम्प्युटर बंद करताना हात थांबायचा. पुन्हा त्या मुलीचं गाव टाकून शोधायची, पुन्हा खाली-खाली जायची, आणि नव्याने कुठे उगवलेला तो फोटो दिसला की पत्र लिहायला बसायची. अब्बा विचारायचे, बेटा, एवढं काय बघतेस रोज? मी म्हणायची, काम आहे.

तिला ग्रामीण रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा तिचा फोन आला. माय आपल्यासोबत राहायला तयार नाही, वावर सोडत नाही, अशी तक्रार हसत-हसत केली. फोटोचं तिने काही विचारलं नाही. त्याच सकाळी मला तो जुन्या ओळीसकट आणखी एका साइटवर सापडला होता. सांगावं की नाही, असं मनात चालू होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी तिला सिस्टर म्हणून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.