बाकावरची बातमी

माझ्या बहिणीच्या मुलीला आम्ही घरात घुमी म्हणतो. नाव मीच ठेवलंय आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. मी दिवसभर बोलते, त्या घरात कुणीतरी गप्प असायला हवं, हे मला मान्य आहे. पण इतकं गप्प?

इथे परदेशात आमची लाँड्री आहे. भावजी इस्त्री करतात, बहीण धुलाई सांभाळते आणि मी काउंटरवर. कितीही जपलं तरी अधूनमधून एखादा कपडा बिघडतोच. मग ते गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी? भावजी कपड्यांच्या गठ्ठ्यामागे दिसेनासे होतात, बहीण गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच रडते आणि मी सांगायला गेले की हमखास भांडण होतं. त्यामुळे शाळेत असल्यापासूनच हे काम घुमीच्या गळ्यात पडलं.

तिची रीत ठरलेली. काउंटरच्या आतून सांगायचं नाही. बाहेर यायचं, गिऱ्हाइकाला भिंतीलगतच्या बाकावर बसवायचं आणि आपण शेजारी बसायचं. "काका, तुमचा कोट इस्त्रीने जळालाय. चूक आमची आहे." कपडा नंतर दाखवायचा. एवढं बोलून ती जी गप्प व्हायची, ती समोरचा शांत होईपर्यंत. माणूस आधी तोंडाचा पट्टा सोडायचा. मग आवाज उतरायचा आणि कळायचं, की तो कोट त्याच्या गेलेल्या भावाचा होता. मी आत चडफडत असायचे, "अगं, बोल काहीतरी." पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही, हेही खरं.

घुमीला डॉक्टर व्हायचं होतं. शाळा संपली तेव्हा थेट मेडिकलला जायचं थोडक्यात हुकलं. शेजाऱ्यांनी सांत्वनाचा रतीबच लावला. तिने मात्र दुसरी वाट शोधून ठेवली होती. इथल्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीला जायचं आणि पहिल्या वर्षी वरच्या नंबरात यायचं. त्या मुलांची मुलाखत होते आणि त्यातल्या मोजक्यांना मेडिकलला घेतात. ही संधी एकदाच मिळते.

वर्षभर तिने मान वर केली नाही आणि वरच्या नंबरात आली. आता मुलाखत, म्हणजे बोलणं आलं. रोज संध्याकाळी मी परीक्षक होऊन प्रश्न विचारायचे आणि वैतागून उत्तरंही मीच द्यायचे.

"क्लासची मुलं घड्याळ लावून बोलायचा सराव करतात. तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलंय?"

"सांगून झालं की थांबायचं ना, मावशी."

मुलाखतीच्या दिवशी एकामागून एक खोल्या होत्या, प्रत्येकीत वेगळी परीक्षा. एका खोलीत एक नट रुग्ण होऊन बसला होता. त्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंय, हे त्याला सांगायचं होतं. घरी आल्यावर मी तिला खोदून खोदून विचारलं.

"टेबलासमोरची खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेली. सांगितलं. तो खूप चिडला."

"मग तू काय बोललीस?"

"काही नाही. तो बोलत होता ना. मग तो गप्प झाला, मीही गप्प. शेवटी म्हणाला, घरी आई एकटी असते. तिच्याबद्दल विचारलं, तेवढ्यात घंटा वाजली."

मी कपाळावर हात मारला. आख्खं वर्ष घासून अभ्यास केला आणि ऐन वेळी ही बया मूग गिळून बसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

निकाल लागायचा त्या दिवशी काउंटरपाशी एक गृहस्थ उभे होते. त्यांचा पांढरा शर्ट आमच्याकडे गुलाबी झाला होता. घुमीचा मोबाईल वाजला. तिने पाहिला आणि खिशात ठेवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाहेर येऊन तिने गृहस्थांना बाकावर बसवलं आणि सांगितलं. ते रागावले, निवळले, निघून गेले. मग ती आमच्याकडे वळली.

"आई, बाबा, मावशी, जरा बाकावर बसा."

त्या बाकावर काय सांगतात, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? बहिणीच्या डोळ्यांना बसायच्या आधीच धार लागली. भावजी गठ्ठ्यामागून बाहेर आले. एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही, असं म्हणायची तयारी करून मीही बसले.

घुमी आमच्या शेजारी टेकली. "मला मेडिकलला घेतलंय. त्या नटाच्या खोलीत पैकीच्या पैकी मिळाले." एवढं बोलून नेहमीप्रमाणे गप्प.

बहीण रडतच राहिली, फक्त रडण्याचं कारण बदललं. भावजींच्या इस्त्रीखाली कुणाची तरी पँट जळत असल्याचा वास आला, पण आमच्यापैकी कुणी उठलं नाही. माझा ऊर असा भरून आला होता, की तोंड उघडलं तरी शब्द फुटेना.

घुमीने माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तीच म्हणाली, "अगं मावशी, बोल ना काहीतरी."