न घेतलेली सही

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचाच आवाज आठवतो. कोल्हापूरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बावीस वर्षांची बायको घरातून निघून गेल्याची खबर एका नवऱ्याने दिली. बेपत्ता असल्याची नोंद झाली, तिचा फोटो सगळीकडे पाठवला. आठव्या दिवशी जयसिंगपुरातून पापड कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"साहेब, फोटोतली पोरगी हितं हाय. कामाला वाघ, पण लाटणं पडलं तरी दचकती. जेवतानाबी दाराकडं तोंड करून बसती."

पोरीला ठाण्यात आणलं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. जबाब घ्यायचा आणि प्रकरण बंद करायचं, अशी माझी घाई. त्यात आमचा आवाज असा, की मायेनं विचारलं तरी भांडण वाटावं.

"स्वतःच्या मनानं गेलीस?"

"व्हय."

"नवरा चांगला हाय न्हवं?"

"व्हय साहेब. माझंच चुकलं. जातो मी परत."

मी सहीसाठी कागद पुढे सरकवला. आमच्या हवालदारबाईंनी तो उचलून घेतला. "साहेब, ती तुमच्या तोंडाकडं बघून बोलतीया. कायबी इचारा, व्हयच म्हणंल."

मला राग आला. बाईंना खोटं पाडायचं म्हणून मी त्याच आवाजात विचारलं, "घरातली मोटारसायकल तूच नेलीस न्हवं?"

"व्हय साहेब. चुकलं."

त्या घरात मोटारसायकल कधी नव्हतीच. मला लाज वाटली.

मी नवऱ्याला घरी पाठवलं आणि स्वतः बाहेर थांबलो. हवालदारबाईंनी तिची खुर्ची दाराजवळ नेली, चहा दिला आणि काहीच विचारलं नाही. दोन तासांनी पोरीनं आपणहून बाही वर केली. पट्ट्याचे वळ होते. मग सगळंच बाहेर आलं. गुन्हा दाखल झाला, नवऱ्याला अटक झाली. ती मालकीणबाईंकडेच राहिली. त्या तिला न चुकता समुपदेशनाला नेत.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. तरी राहवेना, कोर्टात जाऊन मागे बसलो. आरोपीचा वकील तिच्यावर ओरडला, "नवऱ्याने तुम्हाला कधी हातही लावला नाही, बरोबर?"

'व्हय' म्हणाली की सगळं संपलं.

"न्हाय. मारलं त्यानं. आनि आवाज खाली करा, मला ऐकू येतंय."

दमात घेतलं की माणूस खरं बोलतो, असं मी नोकरीभर मानत आलो. मार खाल्लेला माणूस दमात घेतलं की समोरच्याला हवं तेच बोलतो, हे त्या पोरीनं शिकवलं. नवऱ्याला पुढे शिक्षा झाली. मी मात्र निवांत झालो तो त्याआधीच, त्या 'न्हाय'वर.