गणेशनं नाकारलेली कारणं

"तुमी रक्तच लिहा मॅडम. ह्याचा आजाबी असाच होता," सरपंच म्हणाले.

मी हट्टा गावात, गणेशच्या घराच्या ओट्यावर बसले होते. गणेश तिशीतला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा. शेजाऱ्याच्या विहिरीवरची केबल त्यानं चोरली, हे कोर्टात सिद्ध झालं होतं. मी प्रोबेशन ऑफिसर. गुन्हा पहिलाच असेल तर माणसाला जेलमध्ये पाठवायचं की चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं, हे ठरवण्याआधी कोर्ट आमचा रिपोर्ट मागवतं. त्यात एक रकाना असतो, गुन्ह्याचं कारण.

आई म्हणाली, "अवसेला शिवारात गेला, तवापासून बाहेरचं लागलंय त्याला."

चुलता म्हणाला, "घरात पैशाची तकलीफ. दुसरं काई न्हाई." शाळेचे सर म्हणाले, "संगत."

लिहिता लिहिता मी थांबले. अंगात शिरलेलं भूत गुन्हा करवतं, असं माणसं शेकडो वर्षं मानत आली. मग कवटी मोजून जन्मजात चोर ओळखू पाहणारे डॉक्टर आले. पुढे कुणी गरिबीवर बोट ठेवलं, कुणी संगतीवर. कॉलेजात हे शिकायला मला वर्ष लागलं होतं. इथं अर्ध्या तासात सगळं ऐकून झालं, तेही पुस्तक न उघडलेल्या माणसांकडून. मी थक्क होऊन बघत राहिले.

गणेश दाराशी उभा होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"काहून केलं?" मी विचारलं.

"केबल दिसली. कुणी नव्हतं. घेतली."

"अडचण होती का?"

"न्हाई. त्या हप्त्यात काम बराबर होतं. नको घेऊ, असं मनात आलंबी होतं. तरी घेतली. बाहेरचं न्हाई, संगतबी न्हाई. आज्याचं नाव लावू नका मॅडम, त्याला मी पाहिलंबी न्हाई."

गरिबी लिहिली असती तर त्याचाच फायदा होता. ते त्याला कळत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, समोर ठेवलेली सगळी कारणं परत करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी रिपोर्टवरून मान वर केली. "'दिसली, घेतली.' हे कारण आहे?"

"त्याचे शब्द आहेत, सर. बाकीची त्याला मान्य नाहीत."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. "तुमची शिफारस?"

"हमीवर सोडावं."

एका वर्षाच्या हमीवर गणेश सुटला. वर्षभर दर महिन्याला माझ्या ऑफिसात हजेरी देऊन गेला. पुन्हा तक्रार आली नाही.

तेव्हापासून गावात गेले की मी आधी आरोपीशी बोलते. कारण दरवेळी सापडतंच असं नाही. रिपोर्ट मात्र लहान होतो.