आल्त्येच्या घरातला कुणी नापास होत नाही

आमच्या गावाला बाकीचा हॉलंड युरोपची मोरी म्हणायचा. म्हणोत बापडे! पूर्वेकडच्या बेटांवर लढायला जाणारे रंगरूट आमच्याच छावणीत भरती व्हायचे. तुरुंगातून सुटलेले, बायकोला कंटाळलेले, पोटाला काही नसलेले, स्वित्झर्लंड-जर्मनीपासूनचे लोक वाहत वाहत आमच्या दारात यायचे. डॉक्टरच्या तपासणीत पास झालं की सही, सही झाली की रोख बक्षिसी, आणि ती बक्षिसी आठवडाभरात गावातल्या गुत्त्यांत जिरायची. आम्हाला नाकं मुरडणाऱ्यांच्या कपात कॉफी कुठून येते, साखर कुठून येते, ते मात्र कुणी विचारत नव्हतं.

आल्त्ये फोपेनचं घर छावणीच्या फाटकासमोरच होतं. नवरा मासेमार; एका वादळात गेला तो गेलाच. मुलगा वोल्टर तेव्हा पाच वर्षांचा. बाईने रडून घेतलं, दोन खोल्यांत गाद्या टाकल्या आणि रंगरूट ठेवायला सुरुवात केली. पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. तिच्या घरातला माणूस तपासणीत नापास होत नसे. खरूज असेल तर गंधकाचं मलम, खोकला असेल तर अफूच्या अर्काचे चार थेंब, दारूने हात थरथरत असतील तर खारवलेला हेरिंग मासा आणि काळी कॉफी. अंतर्गळ असलेल्याला पोट आत ओढून कसं उभं राहायचं, तेसुद्धा ती शिकवायची.

"छाती काढ रे मेल्या! लग्नाला चाललायस असा उभा राहा!" असं तिचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

आणि जे हाय खाऊन रडायला लागत त्यांच्यासाठी तिच्याकडे गोष्टी होत्या. तिकडे थंडी म्हणून नाही बघ. दार उघडलं की केळी हाताशी. लोक इतके गरीब स्वभावाचे, की आपला माणूस दिसला की टोपली भरून फळं आणून ठेवतात. लढाई? कसली लढाई! फेरफटका मारायचा आणि पगार घ्यायचा. वाटाण्याचं घट्ट सूप वाढता वाढता ती हे सांगायची. ती स्वतः कधी शेजारच्या आमर्सफूर्ट गावापुढे गेली नव्हती. शेजारी बसून सूप पिणारा वोल्टर हे अठरा वर्षं ऐकत होता.

मग तिकडे सुमात्रा बेटावर आचेच्या राज्याशी लढाई पेटली, आणि वर्षभरात लाम्बर्ट परत आला. हा पूर्वी तिच्याच घरून गेलेला, खांद्यांनी दार भरून टाकणारा गडी. आता तापाने पिवळा पडलेला, शेगडीला चिकटून बसून भर उन्हाळ्यात कुडकुडायचा.

"आल्त्येमावशी, ते लोक फळं घेऊन येत नाहीत हं," तो एकदा म्हणाला. "आम्ही त्यांची मशीद जाळली. नारळाची झाडं तोडली. एक म्हातारी झाडाला मिठी मारून बसली होती, उठेचना. मग आम्ही..."

"पुरे," आल्त्ये म्हणाली. मग तिलाच राहवेना. "पण कशासाठी रे?"

"मिरीसाठी. आणि आपण नाही घेतलं तर इंग्रज घेईल म्हणून. साहेबाने सांगितलं तेवढंच मला माहीत. मी घरून निघालो ते कर्जापायी, मला मिरी काय आणि इंग्रज काय!"

आल्त्येने त्याच्यापुढे राईचा पाव सरकवला. त्या दिवसापासून तिच्या गोष्टी आटल्या. घर मात्र चालूच राहिलं, कारण दुसरं तिला काय येत होतं?

त्या साली मासळीने सलग तिसऱ्यांदा दगा दिला. वोल्टर ज्या होडीवर होता तिच्या मालकाने होडी विकून टाकली. दोन महिने पोरगा बंदरावर हात हलवत फिरला. आणि एका दुपारी हसत घरात आला.

"आई, नाव घातलं. परवा तपासणी."

तिच्या हातातला डाव तसाच सूपमध्ये राहिला. "कुठे नाव घातलंस?"

"आता समोर दुसरं आहे काय? छावणीतच की."

"मी सही देणार नाही."

"तेवीस पुरी झाली मला. आईची सही कोण विचारतंय?"

ती रडली, भांडली, लाम्बर्टला पुढे केलं. लाम्बर्टने सदरा वर करून बरगड्या दाखवल्या. वोल्टरने बघितल्या आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशीही तो हटला नाही. तेव्हा आल्त्येने मनाशी ठरवलं: इतक्यांना पास केलं ना, आता एकाला नापास करायचं. डॉक्टर कशाकशाला बिचकतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तपासणीच्या सकाळी तिने तंबाखू उकळला आणि ते पाणी कॉफीत घातलं. वर काकवी ओतली.

"कडू लागतेय गं," वोल्टर म्हणाला.

"पी गुपचूप. आज तरी आईचं ऐक."

छावणीच्या दारात पोचेपर्यंत पोरगा पांढराफटक पडला. ओठ निळे झाले, कपाळावर घाम आला, दोनदा तो भिंतीला धरून ओकला. आल्त्येच्या काळजात चर्र झालं, आणि आत कुठेतरी आशाही वाटली. ती त्याच्या मागोमाग थेट खोलीत घुसली. पहारेकऱ्याने अडवलं नाही. तिला कोण अडवणार!

"आल्त्येबाई, तुम्ही आत कशा?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, माझा मुलगा आहे हा. लहानपणापासून दम लागतो त्याला. छाती ऐका एकदा."

"आई!" वोल्टर ओरडला.

डॉक्टर हसले. "तुमच्या घरातल्या माणसाची छाती मी दहा वर्षांत ऐकलेली नाही. कशाला ऐकू? झाकायचं ते तुम्ही आधीच झाकलेलं असतं."

"आज नाही झाकलं. नाडी तरी बघा हो, कशी पळतेय!"

डॉक्टरांनी मनगट धरलं. मग वाकून पोराच्या तोंडाचा वास घेतला. "तंबाखू. कॉफीतून दिला ना? संध्याकाळपर्यंत उतरेल."

वोल्टरने वळून आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "तुम्ही मागाल तितके आणून देते. दहा देते, वीस देते. हा एक सोडा."

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. कोपऱ्यात कपडे काढून उभे असलेले तिच्याच घरचे दोन रंगरूट तिच्याकडे बघत होते.

डॉक्टरांचं हसू मावळलं. "बाई, तिकडे पटकीने बराकी ओस पडल्यात. या महिन्यात चारशे माणसं पाठवा, असा हुकूम आलाय. आज मी लंगडासुद्धा पास केलाय. तुमचा मुलगा तर दोर ओढून वाढलेला. त्याला सोडला तर मलाच तिकडे धाडतील." त्यांनी कागदावर शिक्का मारला. "पुढचा!"

दोन आठवड्यांनी तुकडी निघाली. रिवाजाप्रमाणे पुढे बँड, दोन्ही बाजूंना सगळं गाव, आणि रंगरुटांचे खिसे रिकामे करून झालेले गुत्तेवाले दारात उभे राहून टोप्या हलवतायत. तंबाखूच्या दिवसापासून वोल्टर छावणीतच राहत होता, घरी फिरकला नव्हता. आल्त्ये रांगेच्या बाजूने स्टेशनापर्यंत जवळजवळ धावतच गेली. पोरं खिदळली, पण आज ती कुणावर ओरडली नाही.

डब्याच्या खिडकीशी तिने त्याचा हात घट्ट धरला.

"वोल्टर, त्या तंबाखूसाठी मला माफ कर. आणि ऐक, मी सांगायचे ते सगळं खोटं होतं रे. केळी, फळांच्या टोपल्या, सगळं. मी काही पाहिलेलं नाही. पोटासाठी बोलत होते. त्याच्या भरवशावर जाऊ नकोस."

वोल्टरचा राग केव्हाच गेला होता.

"माहीत आहे, आई," तो म्हणाला. "दहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. जे जायचे त्यांनाही माहीत असायचं. पण इथे राहून मी करू काय, ते सांग. सांग, आत्ता उतरतो."

होडी नव्हती, मासळी नव्हती. घर होतं, पण त्या घराचा धंदा तर हाच होता. शिट्टी झाली तरी आल्त्येने हात सोडला नाही. गाडी हलली तेव्हा वोल्टरनेच हळूच तिची बोटं सोडवली.